जुन्या मॉड्युलर सिंथचा पॉवर सप्लाय बदलताना: आधी मोजणी, मग खरेदी

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्यूल्स तारांनी जोडून वाजवायचा सिंथेसायझर. त्याच्याबद्दल माझ्याकडे येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "सप्लाय मागवलाय, उद्या येईल. कसा जोडू?" मी विचारतो, प्रत्येक रेल (मॉड्यूल्सना ठरलेलं व्होल्टेज पुरवणारी सप्लायची लाइन) किती करंट ओढते? घरात संध्याकाळी किती व्होल्ट येतात? उत्तर नसतं. खोका हातात आल्यावर मोजणी सुरू करायची, हाच तो चुकीचा क्रम. त्यापायी रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांत चाळीस वर्षं टिकलेली मॉड्यूल्स एका संध्याकाळीत गेलेली मी पाहिली आहेत. जुना सप्लाय मेला तर तो बदलता येतो. चुकीच्या सप्लायने मारलेलं ऑसिलेटर मॉड्यूल मात्र परत मिळवायला वर्षं जातात.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले चार टप्पे पुरे होईपर्यंत पैसे खर्चू नका.

१. दोष खरंच सप्लायचा आहे का?

घुरघुर ऐकू आली, सूर सरकायला लागला की सगळे सप्लायलाच दोष देतात. जुन्या मॉड्यूल्समधले टँटलम कपॅसिटर शॉर्ट होतात आणि एकच मॉड्यूल अख्खी रेल खाली ओढतं. अशा वेळी नवा सप्लाय आणलात तर तोही बसेल, किंवा ताकदवान असेल तर त्या मॉड्यूलमधून धूर काढेल.

सिंथ बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दोन्ही टोकांना लावा. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून पाच-सहा सेकंदांत रिकामा होतो. मग मीटर लावून खात्री करा.

आता सगळी मॉड्यूल्स सोडवा आणि सप्लाय एकटा चालू करून रेल मोजा. रेल बरोबर आल्या तर मॉड्यूल्स एकेक करून परत लावा. दर वेळी आधी बंद करा, मग जोडा. ज्या मॉड्यूलला रेल कोसळली, दोष त्याच्यात. सगळी लावल्यावर हळूहळू घुरघुर वाढत गेली, तर फिल्टर कपॅसिटर सुकलेत. फक्त तेच बदलून भागेल. मुख्य ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल, बोर्डाचे ट्रॅक खाऱ्या हवेने खाल्ले असतील किंवा सप्लाय १०० व्होल्टचा जपानी असेल, तेव्हाच पूर्ण बदलाकडे वळा.

*इशारा: स्विचमोड (मेनची वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणाऱ्या, हलक्या) सप्लायच्या आत हात घालू नका. त्याच्या पहिल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि ते बंद केल्यावरही काही वेळ राहतं.*

२. मूळ व्होल्टेज कोणते, ते यंत्रावरून ठरवा

"मॉड्युलर म्हणजे बारा व्होल्ट" हा समज युरोरॅकमुळे, म्हणजे आजच्या लहान मॉड्यूल्सच्या प्रचलित मापामुळे, पसरला. तिथे +१२, -१२ आणि कधी +५ असतात. जुन्या यंत्रांचं तसं नाही. रोलंड सिस्टिम १००एम आणि एआरपी २५०० यांना +१५ व -१५ लागतात. मूगच्या जुन्या ९०० मालिकेत +१२ आणि -६ अशी विषम जोडी आहे. सर्ज बनावटीच्या मॉड्यूल्सना +१२ व -१२.

१५ चं यंत्र १२ वर चालवलं की ते "वाजतं", म्हणून लोक खूश होतात. पण जुन्या सर्किटांत सुराचा आधार बऱ्याचदा थेट रेलवरूनच घेतलेला असतो. रेल बदलली की ट्यूनिंग, एन्व्हलपच्या वेळा, फिल्टरची मर्यादा, सगळंच हलतं. उलट १२ च्या मॉड्यूलला १५ दिले तर आतले १६ व्होल्टचे कपॅसिटर अगदी काठावर येतात.

तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका. आधी कुणी दुरुस्ती केली असेल तर लाल तार उणे रेलची असू शकते. सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. नाही मिळालं तर मॉड्यूलच्या बोर्डावर एखादा ओळखीचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) शोधा आणि त्याच्या सप्लायच्या पायांपासून कनेक्टरपर्यंत कंटिन्युइटी (तार सलग आहे का ते) मीटरने तपासा. प्रत्येक कनेक्टरचं चित्र कागदावर काढा आणि तो कागद यंत्राच्या आतच चिकटवून ठेवा.

३. करंट मोजा, प्रत्येक रेल स्वतंत्र

मागच्या पत्र्यावर लिहिलेले वॅट इथे कामाचे नाहीत. ते सप्लाय भिंतीतून किती ओढतो ते सांगतात, रेलवर किती भार आहे ते नाही.

जुना सप्लाय अजून थोडाफार चालत असेल तर रेलच्या तारेत ०.१ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर मालिकेत टाका आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्ट दिसले म्हणजे ५०० मिलिअँपिअर. ही पद्धत मला मीटरच्या अँपिअर सॉकेटपेक्षा बरी वाटते, कारण करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायचा राहतो आणि पुढचं मोजमाप म्हणजे थेट शॉर्ट. सप्लाय पूर्ण मेला असेल तर करंट लिमिट असलेल्या बेंच सप्लायवर एकेक मॉड्यूल मोजा आणि बेरीज करा.

मोजताना यंत्र कामाला लावलेलं हवं. सगळे ऑसिलेटर चालू, गेट (की दाबल्याचा सिग्नल) चालू, एलईडी पेटलेले.

समजा +१५ वर ८२० मिलिअँपिअर आले आणि -१५ वर ६९०. दोन्हींवर निम्मी भर टाका: १२३० आणि १०३५. म्हणजे प्रत्येक रेलला दीड अँपिअरचा सप्लाय शोधायचा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत बंद पेटीच्या आत ५० अंश सहज होतात. तिथे छापील आकड्यापेक्षा कमीच मिळतं, म्हणून ही भर चैन समजू नका.

४. घरातली वीज आठवडाभर मोजा

हा टप्पा सगळे गाळतात. कोकणात निम्म्या चुका इथेच होतात.

वाडीतली घरं बहुधा लाइनच्या टोकाला असतात. पंप चालू झाले, संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागले की व्होल्टेज उतरतं. मध्यरात्री भार गेला की चढतं. मालवणकडचे एक गिऱ्हाईक म्हणाले होते, "सांजेक पंखो नुसतो हलता, आणि मध्यरात्री भिरभिरता." त्यांचं निदान बरोबर होतं, फक्त आकडे हवे होते. आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळी आठच्या सुमारास आणि मध्यरात्री मीटरने मोजा आणि लिहून ठेवा. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त, हे दोनच आकडे पुढे लागतील. तुमच्याकडे ते १९० आणि २५५ आले असं धरू.

आता हिशेब. जुन्या पद्धतीच्या लिनिअर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), कपॅसिटर आणि शेवटी व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो. २३० ला कपॅसिटरवर भारासकट २२ व्होल्टची शिखरं येत असतील, तर १९० ला ती १८.२ वर उतरतात. दोन शिखरांमधली घसरण साधारण करंट भागिले (१०० गुणिले कपॅसिटन्स) इतकी असते. ०.८२ अँपिअर आणि ४७०० मायक्रोफॅरडला ती १.७ व्होल्ट येते. म्हणजे दरीत उरले १६.५. साध्या ७८१५ रेग्युलेटरला १५ देण्यासाठी आत किमान १७ तरी लागतात. ती अर्ध्या व्होल्टची तूट स्पीकरमधून १०० हर्ट्झची घुरघुर होऊन ऐकू येते, फक्त संध्याकाळी. सकाळी तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळं ठीक असतं.

मग लोक जास्त व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतात. १९० लाही दरी १७.५ वर राहावी असं ठरवलं, तर २३० ला २३.३ आणि २५५ ला जवळपास २६ व्होल्ट होतात. वरचे दहा-अकरा व्होल्ट रेग्युलेटर उष्णता करून टाकतो: एकट्या +१५ च्या रेलवर आठ-नऊ वॅट. आणि कपॅसिटर २५ व्होल्टचा असेल तर तो गेलाच. तिथे ३५ किंवा ५० व्होल्टचाच हवा.

अर्थिंगही याच आठवड्यात बघा. फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये भार चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि पावसात चांगली असलेली अर्थ एप्रिलमध्ये नुसती नावाला उरते. खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी सवय सोडू नका. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, सप्लाय नंतर.

*इशारा: घुरघुर थांबते म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं की पत्र्यावर थेट २३० येतात आणि पॅच कॉर्डचं धातूचं टोक तुमच्या हातात असतं.*

५. आता प्रकार निवडा

चारही टप्प्यांचे आकडे समोर ठेवा.

तुमच्याकडची वीज २१० ते २५० मध्ये राहत असेल तर ओपन फ्रेम लिनिअर सप्लाय घ्या. जड असतो, तापतो, पण शांत असतो आणि पुढच्या माणसाला दुरुस्त करता येतो. बऱ्याच तयार लिनिअर सप्लायची हमी ठरलेल्या व्होल्टेजच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असते, म्हणून १९० पर्यंत उतरणाऱ्या घरात तो एकटा पुरत नाही. त्याच्यापुढे सर्वो स्टॅबिलायझर लागेल. रिले स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि प्रत्येक उडीचा टक रेकॉर्डिंगमध्ये येऊ शकतो.

लाइनच्या टोकावरच्या घरांसाठी माझी पसंती मिश्र रचनेला आहे. १८ व्होल्टचे दोन चांगले स्विचमोड सप्लाय, त्यापुढे कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर आणि शेवटी १५ चे लिनिअर रेग्युलेटर. स्विचमोड साधारण ८५ ते २६४ व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो, त्यामुळे रेग्युलेटरला कायम तीनच व्होल्ट पाडायचे राहतात. वरच्या उदाहरणात उष्णता नऊ वॅटवरून अडीचवर येते. मधला फिल्टर मात्र वगळू नका. उच्च वारंवारतेचा गोंगाट रेग्युलेटर नीट अडवत नाही, तो सरळ आरपार जातो.

दोन सप्लायची जोडी करताना पहिल्याचं धन टोक म्हणजे +, पहिल्याचं ऋण आणि दुसऱ्याचं धन एकत्र म्हणजे शून्य, दुसऱ्याचं ऋण म्हणजे उणे रेल. यासाठी दोन्ही आउटपुट अर्थपासून सुटे हवेत. ऋण टोक आतून पत्र्याला जोडलेलं असेल तर जोडणी करताच शॉर्ट होतो. घेण्याआधी कंटिन्युइटी लावून बघा.

स्विचमोडच्या बाबतीत अर्थिंग आणखी महत्त्वाचं. आतले फिल्टर कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर मेनच्या निम्मं व्होल्टेज तरंगतं आणि बोटांना झिणझिण्या येतात.

सप्लायमध्ये आणखी दोन गोष्टी बघा, नसतील तर स्वतः लावा. पहिली, प्रत्येक रेल आणि ग्राऊंडमध्ये उलटा लावलेला डायोड, म्हणजे एका रेलचा फ्यूज गेला तर दुसरी तिला उलट दिशेला ओढणार नाही. दुसरी, ओव्हरव्होल्टेज क्रोबार. रेग्युलेटर शॉर्ट झाला तर १५ च्या जागी २० च्या वर जातात. क्रोबार त्याच क्षणी रेल शॉर्ट करून फ्यूज उडवतो आणि मॉड्यूल्स वाचतात. थोडे पैसे जास्त लागले तरी मी याशिवाय सप्लाय लावत नाही.

बाहेरच्या देशातून आलेल्या यंत्राबद्दल एक वेगळी सूचना. जपानी १०० व्होल्टचं यंत्र बाजारात मिळणाऱ्या ११० च्या स्टेपडाऊनवर लावतात. रात्री लाइन २५० झाली की त्या स्टेपडाऊनमधून जवळपास १२० निघतात, म्हणजे वीस टक्के जास्त. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो. दोन्हींवर खरा उपाय एकच, २३० चा प्रायमरी असलेला सप्लाय आत बसवणं.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. कुणी मुंबईहून कोकण रेल्वेने येणार असेल तर यादी देऊन ठेवा. पण व्होल्ट, अँपिअर, कपॅसिटरची तापमान मर्यादा (१०५ अंशवालेच) हे सगळं यादीत लिहा. "पंधरा व्होल्टचा दे" एवढ्यावर काहीही येतं.

६. मॉड्यूल न लावता चाचणी

नवा सप्लाय आला की आधी टॅप (ट्रान्सफॉर्मरची मेन व्होल्टेजप्रमाणे निवडायची जोडणी) बघा. बऱ्याच लिनिअर सप्लायवर १०० ते २४० पर्यंतचे वेगवेगळे टॅप असतात आणि वापरलेला माल १२० वर बांधलेला येऊ शकतो. टॅप २३० ला घेतला की प्रायमरीचा फ्यूज १२० ला होता त्याच्या निम्म्या अँपिअरचा लावा, स्लो-ब्लोच.

पहिली सुरुवात सिरीज बोर्डवर करा. ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब मालिकेत. लिनिअर सप्लाय असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्विचमोडला ही चाचणी लागू नाही. तो बल्बवर लुकलुकत राहतो.

मग खोटा भार. १५ व्होल्टला १५ ओहम म्हणजे १ अँपिअर आणि १५ वॅट उष्णता. निदान २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर आवळून लावा, दोन्ही रेलवर. चार तास चालू ठेवा, आणि त्या चार तासांत संध्याकाळचा आठचा सुमार येईल अशी वेळ निवडा.

तपासा:
- रेल सुरुवातीला आणि चार तासांनी किती हलली?
- मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून रिपल (डीसीवर उरलेली चढउतार) किती? चांगल्या लिनिअरला दोन-चार मिलिव्होल्टच्या आत हवा. स्विचमोडचा गोंगाट साध्या मीटरला दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो.
- हीटसिंकवर बोट पाच सेकंद टिकतं का?

इन्व्हर्टर वापरत असाल तर त्यावरही हीच चाचणी करा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचे २३० हे शिखरालाही साधारण २३०च असतात; साइन वेव्हचं शिखर ३२५ असतं. लिनिअर सप्लायचा कपॅसिटर शिखरावर भरतो, म्हणून २२ व्होल्टच्या जागी साडेपंधराच मिळतात आणि रेल कोसळते. साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा. गणपतीत मंडपातल्या जनरेटरवर वाजवणार असाल तर जनरेटर स्थिरावू द्या, व्होल्टेज मोजा आणि मगच प्लग लावा.

७. बसवणी आणि ग्राऊंड

ग्राऊंडची तार बारीक चालेल, असं मानून लोक चुकतात. धन आणि ऋण रेलच्या करंटमधला फरक ग्राऊंडमधून वाहतो. आपल्या उदाहरणात तो १३० मिलिअँपिअर आहे. एक व्होल्ट प्रति सप्तक या हिशेबात एक अर्धस्वर म्हणजे ८३ मिलिव्होल्ट. खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या कनेक्टरमध्ये ०.२ ओहम रोध आला, की १३० मिलिअँपिअरला २६ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि सूर जवळजवळ तिसरा हिस्सा अर्धस्वराने घसरतो. शिवाय एलईडी पेटला-विझला की हा फरक बदलतो, म्हणून सूर एलईडीच्या तालावर डुलतो. लोक ऑसिलेटर पुन्हा पुन्हा ट्यून करत बसतात.

म्हणून मॉड्यूल्सच्या प्रत्येक ओळीला १.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र ग्राऊंड तार सप्लायच्या एकाच टर्मिनलपर्यंत न्या. मेनची अर्थ आधी पत्र्याला पक्की करा आणि सिंथचं शून्य पत्र्याला फक्त एका जागी जोडा. +५ ची रेल असेल तर तिची परतीची तार वेगळी, कारण तिचा सगळाच करंट ग्राऊंडमधून येतो. टर्मिनल कथिल चढवलेली, स्क्रू स्टेनलेसचे.

पंखा टाळा. तो समुद्राची हवा आत ओढतो आणि मीठ बोर्डावर बसतं. मोठा हीटसिंक पेटीबाहेर, पाती उभ्या. हवेच्या भोकांना बारीक जाळी लावा. पाल मेनच्या टर्मिनलवर अडकून फ्यूज गेल्याचं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा लेप) द्या, पण कनेक्टर आणि प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे छोटे रेझिस्टर) झाकून.

८. मॉड्यूल्स जोडणे

आधी कनेक्टर रिकामे ठेवून प्रत्येक कनेक्टरच्या प्रत्येक पिनवर मोजा. कागदावरच्या चित्राशी जुळवा. युरोरॅकच्या पट्टी-केबलमध्ये लाल रेघ -१२ कडे असते, +१२ कडे नाही. इथे फसलेले खूप आहेत.

बंद करा, सगळ्यांत साधं आणि सहज मिळणारं मॉड्यूल पहिलं लावा. चालू करा, करंट बघा, तुमच्या तिसऱ्या टप्प्यातल्या वहीशी ताडा. जुळलं तर बंद करून पुढचं. ऑसिलेटर सगळ्यांत शेवटी. घाईत एकदम सगळी जोडली आणि धूर आला, तर तो कुठून आला हे शोधायलाच दिवस जातो.

सगळी लागल्यावर अर्धा तास तापू द्या. मग रेल मूळ आकड्यावर आणा, १५.०० आणि -१५.००. त्यानंतरच ऑसिलेटर कॅलिब्रेट करा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

पावसाळ्यात यंत्र आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, आतली उष्णताच ओल घालवते. मे महिन्यात वळिवाचे ढग जमले की मात्र स्विच बंद करून थांबू नका, प्लग भिंतीतून काढा.